झुंजीचं भाडं

"मला आधी याचा हिशेब सांगा," शंकेखोर म्हणतो. "एक माणूस विमानाचं तिकीट काढून मॉरिशसला, हवाईला नाहीतर ऑस्ट्रेलियात केर्न्सला जातो. तिथे दिवसभरासाठी बोट भाड्याने घेतो. बोटीबरोबर कप्तान येतो, खलाशी येतो, रॉड, रीळ, आमिष सगळं येतं. दिवसाचे हजार डॉलर सहज होतात, नामांकित ठिकाणी त्याच्या कितीतरी पट. एवढं करून हा माणूस शे-दोनशे किलोचा मार्लिन गळाला लावतो, तासभर त्याच्याशी ओढाताण करतो, त्याला बोटीपाशी आणतो आणि सोडून देतो. मासा खाल्ला नाही, विकला नाही, घरी आणला नाही. मग पैसे मोजले कशाचे?"

अशा मासेमारीच्या शौकिनाला हा प्रश्न नवा नाही; घरातूनही तो अधूनमधून येतोच. त्याचं उत्तर इतिहासापासून सुरू होतं.

"कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटलिना नावाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे लोक जाड हातदोरीला गळ बांधून मोठे मासे ढिगाने ओढून काढायचे. बरेचसे नुसते वाया जायचे. १८९८ मध्ये चार्ल्स होल्डर या लेखकाने तिथे रॉड आणि रिळावर १८३ पौंडांचा, म्हणजे ८३ किलोचा ब्लूफिन ट्यूना पकडला आणि त्याच वर्षी ॲव्हलॉन गावात ट्यूना क्लब काढला. क्लबचा आग्रह असा की दोरी बारीक हवी आणि माशाला सुटायची संधी हवी. पुढे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, म्हणजे आयजीएफए, स्थापन झाली. दोरी किती ताकदीची, गळाजवळचा जाड लीडर किती लांब, कुणी कशाला हात लावायचा, हे सगळं तिने लिहून ठेवलं. बेबंद कत्तलीला आवर घालायला हा खेळ जन्मला, हे आधी लक्षात घ्या.

"आता पैसे कशाचे ते. मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्नचा डोंगर आहे. प्रवाळाची कड ओलांडली की तळ एकदम शेकडो मीटर खाली जातो, त्यामुळे किनारा दिसत असतानाच तुम्ही खोल समुद्रात असता. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला ब्लू मार्लिनचा हंगाम. बोट सात-आठ नॉटने चालते, दोन्ही बाजूंना आउटरिगरच्या लांब काठ्या पसरलेल्या, मागे रंगीत झालरींची खोटी आमिषं फेसातून उसळत येतात. कितीतरी वेळ काहीच घडत नाही. मग एका आमिषामागे एक काळपट आकार वर येतो आणि बघता बघता निळ्या-जांभळ्या पट्ट्यांनी पेटतो. शिकारीला उतरलेला मार्लिन असा रंग बदलतो. क्लिपमधून दोरी टक्‌कन सुटते, रीळ किंचाळायला लागतं, खलाशी बाकीच्या दोऱ्या भराभर गुंडाळतो, तुम्ही खुर्चीत बसून पट्टे अडकवता, तोवर शेकडो मीटर दोरी गेलेली असते. आणि दूर कुठेतरी, तुमच्या दोरीशी काही संबंध नसावा अशा जागी, तो पाण्याबाहेर येतो. पैसे त्याचे."

शंकेखोराला वर्णन आवडतं आणि तो तसं कबूलही करतो. मग तो खुर्चीकडे वळतो.

"या खेळात खेळतो कोण? मासा कुठे मिळेल ते कप्तानाला ठाऊक. सोनारच्या पडद्यावर तोच नजर ठेवून असतो. आमिष खलाशाने बांधलेलं. मासा पळाला की कप्तान शेकडो अश्वशक्तीची इंजिनं उलटी चालवून बोट माशाच्या मागे नेतो, म्हणजे दोरी गुंडाळायचं निम्मं काम डिझेल करतं. शेवटी लीडर हातमोज्यात धरून माशाला बाजूला आणतो तोही खलाशीच. दोरी हाताभोवती आवळली जाऊन समुद्रात ओढले गेलेले खलाशी आहेत. जिवाची जोखीम खरी कुणाची असेल तर ती त्यांची. गिऱ्हाईक काय करतं? हँडल फिरवतं आणि फोटोत मधे उभं राहतं.

"आपल्याकडे मार्लिनशी अनेकांची पहिली ओळख झाली ती पुलंच्या 'एका कोळियाने' या अनुवादातून. हेमिंग्वेच्या मूळ पुस्तकाचं नाव घेऊन आज जगभर चार्टर विकल्या जातात. पण त्यातला म्हातारा कोळी शौकीन नव्हता. त्याच्याकडे खुर्ची नव्हती, रीळ नव्हतं, इंजिन नव्हतं. दोरी उघड्या हातातून जात होती आणि मासा हातचा गेला तर पोटाचाच प्रश्न होता. हेमिंग्वे स्वतः 'पिलार' नावाच्या इंजिनाच्या बोटीतून रॉड-रीळ घेऊन जायचा. तुम्ही बोट घेता हेमिंग्वेची आणि गोष्ट सांगता म्हाताऱ्याची.

"आणि या माशांचं तुम्ही लोक किती वाढवून सांगता! मार्लिनचा भाऊबंद सेलफिश घ्या. जाहिरातींत लिहितात, ताशी ११० किलोमीटर वेगाने पळणारा सेलफिश. २०१६ मध्ये संशोधकांनी सेलफिशचे स्नायू किती झटपट आकुंचन पावतात ते मोजून त्याचा कमाल वेग काढला. तो ताशी ३० किलोमीटरच्या आसपास निघाला. प्रतिस्पर्धी जितका अचाट, तितकी आपली मर्दुमकी मोठी."

"वेगाचा मुद्दा मान्य," शौकीन म्हणतो. "खुर्चीतला माणूस एकटा लढत नाही, हेही मान्य. गिर्यारोहकाबरोबर शेर्पा असतो, म्हणून कुणी शिखराला खोटं म्हणत नाही. पण कुणाचं काम कुठे संपतं याबद्दल आमचे नियम फार कडक आहेत. मासा लागल्यापासून रॉड, रीळ किंवा दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. खलाशाने लीडरच तेवढा धरायचा. १९७० मध्ये हवाईतल्या ओआहू बेटाजवळ चार्टरच्या बोटीवर १,८०५ पौंडांचा मार्लिन आला, म्हणजे ८१९ किलोचा. रॉडवर पकडलेला त्याहून मोठा मार्लिन आजही कुणी दाखवू शकत नाही. पण रॉड एकाहून अधिक माणसांनी हाताळला होता, म्हणून विक्रमाच्या वहीत तो नाही. वहीत आहे आल्फ्रेड ग्लासेलचा ब्लॅक मार्लिन : पेरूमधलं काबो ब्लांको, ४ ऑगस्ट १९५३, १,५६० पौंड. सत्तर वर्षं उलटून गेली, तो मोडलेला नाही. फसवायचंच असतं तर एवढ्या वर्षांत शंभर जणांनी फसवलं असतं."

"उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे," शंकेखोर म्हणतो. "ओआहूचा मासा मेला तो मेलाच. नियम मोडला म्हणून त्याला काही परत मिळालं नाही. तुमचे नियम माणसामाणसांतला न्याय बघतात. त्यात मासा हा पक्षकारच नाही, तो वजनाचा आकडा आहे.

"स्पर्धांमध्ये हे उघडच दिसतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये बिग रॉक नावाची ब्लू मार्लिनची स्पर्धा होते. २०२३ मध्ये 'सेन्सेशन' नावाच्या बोटीने जवळजवळ सहा तास झुंजून ६१९ पौंडांचा मार्लिन आणला. वजनात तोच सगळ्यांत मोठा. पण काठावर आणल्यावर दिसलं की त्याला शार्कने चावा घेतलाय. दुसऱ्या प्राण्याने जखमी केलेला मासा चालत नाही, कारण मग तो दमवण्यात तुमचा एकट्याचा वाटा राहत नाही. मासा बाद झाला, पस्तीस लाख डॉलर गेले. चर्चा झाली ती बक्षिसाची. सहा तास ओढला गेलेला, वर शार्कने तोडलेला मासा त्या चर्चेत कुठे होता? मेरीलँडच्या व्हाइट मार्लिन ओपनमध्ये तर मोठ्या बक्षिसाच्या मानकऱ्यांना पॉलिग्राफ चाचणी द्यावी लागते. २०१६ मध्ये त्या चाचणीवरून अठ्ठावीस लाख डॉलरचं बक्षीस अडलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि दावेदार हरला. ज्या छंदाला खोटं पकडण्याचं यंत्र लागतं, त्याने निसर्गप्रेमाची भाषा जरा जपून वापरावी. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो. इथे तर मांजरांचेच आपसात कोर्टकज्जे चाललेत."

शौकीन स्पर्धांची बाजू घेत नाही. पैशाने या खेळाची एक शाखा नासवली, हे त्याला पटतं. पण तेवढ्यावर सगळं झाड तोडायला तो तयार नाही.

"सगळ्यांत जड माशाला बक्षीस, यात एक वाईट गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो," तो म्हणतो. "ब्लू मार्लिनचा नर सहसा दीडशे किलोच्या पुढे जात नाही. तीनशे, चारशे, सहाशे किलोचे जेवढे म्हणून मासे फोटोत दिसतात, त्या सगळ्या माद्या. ब्लॅक मार्लिनचंही तेच. म्हणजे सगळ्यांत मोठा मासा मारायचा म्हणजे सगळ्यांत जास्त अंडी देणारी मादी मारायची. हे कळल्यावर खेळ बदलला. तोच तर माझा मुद्दा आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आज हौशी मच्छीमारांनी वर्षाला ब्लू आणि व्हाइट मार्लिन मिळून अडीचशेच आणायचे, असा नियम आहे. बाकी सगळे सोडायचे, आणि सोडताना पाण्याबाहेरसुद्धा काढायचे नाहीत. भिंतीवर लावायचा मासा आता फायबरग्लासचा बनतो; लांबी-रुंदी सांगितली की पुरे.

"गळही बदलला. जुना जे-आकाराचा गळ मासा गिळतो आणि तो पोटात, घशात रुततो. गोल, आत वळलेला सर्कल हुक बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी संशोधकांनी व्हाइट मार्लिनना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावून सोडलं. सर्कल हुकवर पकडलेले सगळे जगले. जे-हुकवरचे जवळजवळ एकतृतीयांश मेले. तीन वर्षांनी अमेरिकेने अटलांटिकच्या स्पर्धांत खऱ्या आमिषाबरोबर सर्कल हुक सक्तीचा केला. हे टॅग लावले कुणी? हौशी लोकांच्या बोटींवरच. डेलावेअरच्या किनाऱ्यावर टॅग लावलेला एक ब्लू मार्लिन काही वर्षांनी मॉरिशसजवळ सापडला. सरळ अंतर धरलं तरी जवळजवळ पंधरा हजार किलोमीटर! मार्लिन एक महासागर सोडून दुसऱ्यात जातो हे शास्त्रज्ञांना समजलं ते आमच्या या वायफळ छंदामुळे."

शंकेखोर सर्कल हुकचं श्रेय देतो. मात्र टॅगच्या गोष्टीत त्याला दुसरंच काही दिसतं. "पंधरा हजार किलोमीटर पोहणारा प्राणी शेवटी कुणाच्या तरी गळाला किंवा जाळ्यालाच लागला, तेव्हा तो टॅग मिळाला ना?"

"लागला, आणि तिथेच खरा गुन्हेगार आहे," शौकीन सरसावतो. "लाँगलाइनची एक दोरी शंभर किलोमीटरपर्यंत लांब असू शकते, तिच्यावर हजारो गळ. ती ट्यूनासाठी आणि तलवार माशासाठी सोडतात, मार्लिन आयता अडकतो. आपल्या हिंद महासागरात त्यात गिलनेटची भर. इराण, पाकिस्तान, भारत, श्रीलंका, या सगळ्यांच्या जाळ्यांत सेलफिश आणि ब्लॅक मार्लिन येतात. सेशेल्समध्ये कार्यालय असलेल्या हिंद महासागर ट्यूना आयोगाने २०१८ मध्ये या माशांच्या पकडीला मर्यादा ठरवून दिल्या, साठ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवू नये असंही सांगितलं. पण जाळ्यात मेलेल्या माशाला ठराव वाचता येत नाही. काबो ब्लांकोचंच घ्या. तिथला मार्लिन काही रॉडने संपला नाही. त्याचं खाणं म्हणजे अँकोव्ही. ती कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी इतकी उपसली की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एल निनोच्या तडाख्याबरोबर, तो सगळा धंदाच कोसळला. जिथे विक्रम झाला तिथला क्लब बंद पडला.

"उलट जिवंत माशाला किंमत आली तिथे त्याला कुणीतरी वाली मिळाला. अमेरिकेने २०१२ मध्ये मार्लिन-सेलफिशच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला, तो हौशी संघटनांच्या रेट्यामुळे. कोस्टा रिकाने सेलफिशची निर्यात बंद केली, कारण हौशी मासेमारीतून देशाला किती पैसा येतो ते त्यांनी मोजून पाहिलं. मेलेला सेलफिश बाजारात एकदाच विकला जातो. जिवंत सेलफिश पुन्हा पुन्हा विकता येतो."

हे शेवटचं वाक्य शंकेखोराला हवं होतं. तो ते बाजूला काढून ठेवतो आणि आधी दुसरीकडे वळतो.

"वाली म्हणालात, म्हणून विचारतो : कुणाचा वाली? मेक्सिकोने किनाऱ्यापासून पन्नास सागरी मैलांपर्यंत मार्लिन, सेलफिश, तलवार मासा, आणि त्यांच्या जोडीला दोरादो, हे सगळे हौशी मासेमारीसाठी राखून ठेवलेत. दोरादो म्हणजे माही-माही. तो काही राजेशाही मासा नाही; झपाट्याने वाढतो, भरपूर पिल्लं देतो, ताटात उत्तम लागतो. काबो सान लुकासच्या पाहुण्याने तो हौसेने पकडावा, आणि तिथल्याच होडीवाल्याने विकायला पकडला तर गुन्हा! समुद्र वाचवला म्हणता, पण राखून ठेवला असंही म्हणता येईल. आपल्या किनाऱ्यावर पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या बोटींविरुद्ध लहान मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतोय. उद्या त्याला कुणी म्हणालं की, पर्ससीन बंद करतो, पण सुरमई पर्यटकांसाठी राखीव, तर तो आनंदाने पेढे वाटेल का?"

"मेक्सिकोच्या नियमातला दोरादो मलाही खटकतो," शौकीन म्हणतो. "पण सगळीकडे तसं नाही. मॉरिशसमध्ये रिवाज असा की मासा बोटीचा. गिऱ्हाईक भाडं देतं, फोटो काढतं, जेवणापुरता तुकडा घेतं. मासा कप्तान आणि मालक विकतात. तिथला धुरावलेला मार्लिन हॉटेलांपासून घरांपर्यंत सगळीकडे खातात. बोटी सुटतात त्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातून; कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी लोकांचे वंशज त्याच जिल्ह्यातल्या कास्काव्हेलमध्ये राहतात. हवाईतल्या कोनाला चार्टरवाल्यांची हीच रीत होती आणि आहे. अमेरिकेच्या विक्रीबंदीतून हवाईला सूट मिळाली ती त्यामुळे. तिथे पाहुण्याचा पैसा आणि गावाचं अन्न एकाच बोटीतून येतं. तुमची मूळ तक्रार होती ना, की खात नाहीत? हे घ्या, खातात."

शंकेखोर थोडा थांबतो. मॉरिशसची रीत त्याच्या पहिल्या हिशेबात बसते, आणि म्हणूनच त्याची अडचण होते. बोलण्याच्या ओघात त्याच्या लक्षात येतं, की मारलेल्या मार्लिनबद्दल त्याचं मन फारसं दुखत नाही. त्याला खुपतो तो सोडलेला.

"आपण दोघे मघापासून एक गोष्ट गृहीत धरतोय," तो सावकाश म्हणतो. "सोडणं म्हणजे दया आणि मारणं म्हणजे क्रौर्य. पण कायद्यांकडे बघा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मार्लिन सोडणं हे पुण्य. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार, सोडून द्यायच्या हेतूने मासा पकडणं हाच गुन्हा. जर्मनीतही सबळ कारणाशिवाय प्राण्याला इजा करता येत नाही, आणि नुसती मजा हे कारण धरत नाहीत. खायला पकडत असाल तर पकडा. एकाच कृतीवर दोन सुसंस्कृत समाज नेमकी उलटी शिक्षा सांगतात. का? अमेरिकेचा कायदा माशांची जात बघतो, स्विस कायदा एकेक मासा बघतो.

"आता तुमचं वाक्य आठवा : जिवंत सेलफिश पुन्हा पुन्हा विकता येतो. कोळी मासा विकतो तेव्हा मांस विकतो. मासा तडफडला तर ती त्याच्या धंद्यातली वाईट गोष्ट असते. न तडफडता मेला तर त्याला बरंच वाटेल. तुमच्या धंद्यात तडफड काढून टाकली तर विकायला काय उरतं? गळ लागताच मासा ओंडक्यासारखा वर आला, तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल. सोडलेल्या मार्लिनमध्ये विकली जाते ती त्याची सुटायची धडपड."

"तिला धडपड म्हणा, यातना म्हणू नका," शौकीन लगेच म्हणतो. "माशाला वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. २००३ मध्ये लिन स्नेडनने ट्राउटच्या ओठांत आम्ल टोचलं. मासे खाईनासे झाले, तोंड खडीवर घासू लागले, मॉर्फिन दिल्यावर ते कमी झालं. पण २०१४ मध्ये जेम्स रोझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की इजेची प्रतिक्रिया वेगळी आणि वेदनेची जाणीव वेगळी. माशाला ती जाणीव निर्माण करणारा मेंदूचा थरच नाही. आणि वेदना मानायचीच, तर सगळ्यांची माना. बंदरात ट्रॉलर लागतो, त्यातला बांगडा बर्फात गुदमरून मेलेला असतो. त्याला मिनिटं किती लागली, कुणी मोजली? पुण्यातल्या हॉटेलात तुम्ही सुरमईची थाळी मागवता, ती काही भुकेने जीव चाललाय म्हणून नव्हे. वरणभात होता ना! जिभेची मजा हे सबळ कारण आणि हातांची मजा हा गुन्हा, हे कुठल्या न्यायाने?"

सुरमई शंकेखोराला सोडता येत नाही, आणि तसं तो प्रांजळपणे सांगतो. वेदनेचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नसेल, तर मोजता येईल असं काहीतरी धरावं, असं तो सुचवतो. "वेदना नको. वेळ धरू. मासा किती मिनिटं दोरीवर राहिला? जितका जास्त वेळ, तितका तो थकणार, रक्तात आम्ल साठणार, सुटल्यावर शार्कच्या तोंडी जाण्याची शक्यता वाढणार. हे तर तुमचे कप्तानही मानतात ना?"

"मानतात. चांगला खलाशी दमलेल्या मार्लिनला लगेच सोडत नाही. चोच धरून त्याला बोटीच्या बाजूला ठेवतो, बोट हळू पुढे जात राहते, तोंडातून पाणी कल्ल्यांवरून वाहतं. त्याचा रंग परत यायला लागला, शेपटीने जोर धरला, की मग हात सोडतो."

"मग आता तुमच्या पहिल्या नियमाकडे या. दोरी बारीक हवी, माशाला संधी हवी. आयजीएफए विक्रमांचे वर्ग पाडते ते दोरीच्या ताकदीवर : १३० पौंडांपासून थेट दोन पौंडांपर्यंत. जितकी दोरी बारीक, तितका मान मोठा, कारण तितकी लढत बरोबरीची. पण बारीक दोरीवर मोठा मासा म्हणजे तासांची झुंज. जाड दोरीवर तोच मासा लवकर बाजूला येतो आणि ताकद शिल्लक असताना सुटतो. तुमच्या खेळात जे सगळ्यांत सभ्य मानलं जातं, ते माशाला सगळ्यांत महाग पडतं. ज्या दिवसांत मासा मारायचाच होता, त्या दिवसांत बारीक दोरी खरोखर त्याच्या बाजूची होती. तुटली तर तो वाचायचा. आता सोडायचाच आहे, तर ती त्याच्या विरुद्ध गेली."

यावर शौकीन काही वेळ काहीच बोलत नाही. मग तो केर्न्सचं उदाहरण काढतो. १९६६ मध्ये 'सी बेबी' नावाच्या बोटीवर तिथे पहिला हजार पौंडांवरचा ब्लॅक मार्लिन आला आणि ग्रेट बॅरियर रीफची बाहेरची कड जगाच्या नकाशावर आली. सप्टेंबर ते डिसेंबर या दिवसांत तिथे मोठ्या माद्या अंडी घालायला जमतात. "तिथले जुने कप्तान १३० पौंडांच्या दोरीखेरीज दुसरी वापरू देत नाहीत," तो म्हणतो. "त्यांचा आग्रह असतो की मासा तरतरीत असताना लीडर हातात यायला हवा. बारीक दोरीची हौस त्यांना आवडत नाही. म्हणजे तुम्ही जे म्हणताय ते धंद्यातल्या जाणत्यांना उमगलंय."

"मग नियम करा. बोटीवर घड्याळ लावा. वीस मिनिटं झाली, मासा आला नाही, तर दोरी कापा."

"कापून चालत नाही," शौकीन म्हणतो, आणि या वेळी त्याच्या आवाजात वकिली नाही. "बोटीपासून तीनशे मीटरवर असताना दोरी कापली, तर मासा गळाबरोबर तीनशे मीटर दोरी घेऊन जाणार. ती कशात तरी गुंतणार नाहीतर जन्मभर मागे ओढली जाणार. सोडायचा तर जवळ आणूनच सोडावा लागतो. म्हणजे एकदा गळ लागला की झुंज पुरी करणं हेच माशाच्या हिताचं होऊन बसतं. घड्याळ लावायचं तर गळ टाकायच्या आधी लावावं लागेल. दोरी किती जाडीची, गळ कुठला, गिऱ्हाईकाच्या दंडात दम आहे की नाही, हे सगळं बंदरातच ठरवायला हवं. कप्तानाने म्हणायला हवं, तुम्हाला हा मासा लवकर आणता येणार नाही, तुम्ही खुर्चीत बसू नका."

"आणि पैसे देऊन आलेल्या माणसाला कुठला कप्तान असं म्हणेल?"

"फार थोडे. पण त्यावर बंदी हा उपाय धरला, तर मार्लिनवर लक्ष ठेवणाऱ्या बोटी जातील आणि लाँगलाइन राहील. टॅग कोण लावणार?"

"म्हणजे मार्लिनची जात टिकावी म्हणून एकेका मार्लिनने गिऱ्हाईकाची करमणूक करायची. हे भाडं तो भरतोय. त्याला विचारलेलं नाही, एवढंच."

"सुरमईलाही कुणी विचारलेलं नाही," शौकीन म्हणतो. "पण तुमच्याशी बोलताना माझी एक पंचाईत झाली, ती सांगून टाकतो. जाड दोरी, सर्कल हुक, पंधरा मिनिटांत मासा बाजूला, पाण्यातच टॅग, फोटोसाठी उचलाउचल नाही. हे सगळं बरोबर आहे, असं मला पटतंय. अशा बोटीचं भाडं मी भरेन का, याचं उत्तर मात्र मला लगेच देता येत नाही."

"मलाही एक सांगायचंय," शंकेखोर म्हणतो. "मॉरिशसच्या बोटीवर मासा मारतात आणि गावात खातात, ते मला तुमच्या टॅगवाल्या बोटीपेक्षा बरं वाटलं. पण मोठी मादी मारली तर नुकसान जास्त, हे तुम्हीच सांगितलंत. त्यामुळे बरं वाटण्यावर माझाही भरवसा राहिलेला नाही. त्या गावात ती चारशे किलोची मादी बोटीला लागली, तर तुम्ही कप्तानाला काय सांगाल?"

"सोड म्हणेन."

"आणि त्या दिवसाचं त्याचं मांसाचं उत्पन्न?"

"ते मला भरून द्यावं लागेल. भाड्याच्या वर."

"किती?"

शौकीन आकडा सांगू लागतो, मग मादीचं वजन, त्या दिवशीचा बाजारभाव आणि खलाशाचा वाटा यांची बेरीज करायला घेतो, आणि दोघेही त्या बेरजेवरून पुन्हा वाद घालू लागतात.